रुळांवरची बाग

मुलालेकीकडे अमेरिकेला जाण्याचा योग आला, तर न्यूयॉर्कची ‘हाय लाइन’ बाग अवश्य पाहा. तिकीट नाही. रस्त्यापासून सुमारे ३० फूट उंच लोखंडी पुलावरून १९३४ पासून मालगाड्या धावत. १९८० साली शेवटची गाडी गेली आणि पूल ओस पडला. वाऱ्याने आणलेले बी खडीत रुजले, गवत माजले. पूल पाडायचे घाटत होते. तेव्हा, १९९९ मध्ये, तिथल्या दोघा रहिवाशांनी तो वाचवण्यासाठी संस्था काढली. २००९ मध्ये बागेचा पहिला भाग खुला झाला.

आपण शेतकरी माणसे आधी माती पाहणार. सरासरी दीडच फूट! तेवढ्यात गवते, फुलझाडे, लहान वृक्षसुद्धा. लागवड करताना आपोआप उगवलेल्या त्या रानाचाच कित्ता गिरवला. हिवाळ्यात वाळलेली झाडे उभीच ठेवतात, मार्चच्या सुमारास छाटतात.

आपल्या रत्नागिरीच्या सड्यावर तर दीड फूटही नाही. कातळावरच्या बोटभर मातीत श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे फुलतात. आपण त्याला पडीक म्हणतो, सुरुंग लावून हापूसचे खड्डे काढतो.

बागेत सकाळी लवकर जा. मागाहून गर्दीत झाडापुढे थांबायला मिळत नाही.