जोडीदारासाठी हमी

विवाह हा दोन व्यक्तींमधील संबंध खरा. परंतु त्या दोघांपैकी एक जण एका देशाचा नागरिक आणि दुसरा दुसऱ्या देशाचा असेल, तर त्या संबंधात राज्यसंस्था तिसरी म्हणून येऊन बसते. तुम्ही पतिपत्नी आहात हे मान्य. परंतु दोघांचा चरितार्थ कशावर चालणार, आणि तुमचे घर नेमके कोठे असणार, असे दोन प्रश्न ती विचारते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आपल्या जोडीदाराला कायमच्या वास्तव्यासाठी नेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला या दोन प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री द्यावी लागतात. पहिला प्रश्न पैशाचा, म्हणून त्याची धास्ती अधिक. दुसरा दिसावयास साधा, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः स्वतः परदेशात राहून असा अर्ज करणाऱ्याच्या बाबतीत दुसरा प्रश्नच अधिक कठीण असतो.

हे नीट समजण्यासाठी बंगळूरच्या पूर्वेकडील के. आर. पुरम, म्हणजे कृष्णराजपुरम, येथील एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना याच भागाला लागून असलेल्या दूरवाणीनगरात उभा राहिला, आणि पुढे जवळच्या व्हाइटफील्डला संगणकव्यवसाय वाढला. २०२३ च्या मार्चमध्ये तर व्हाइटफील्डपर्यंत मेट्रोही धावू लागली. देशाच्या नाना प्रांतांतून नोकरीसाठी आलेली माणसे येथे स्थिरावली आहेत; त्यांत मराठी कुटुंबेही आहेत.

समजा, अशा एका घरातील गृहिणी न्यू जर्सीमध्ये मराठी आईबापांच्या पोटी जन्मली, म्हणून जन्मानेच अमेरिकेची नागरिक आहे. ती नोकरीनिमित्त व्हाइटफील्डला आली. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड तिच्यापाशी असल्यामुळे येथे राहण्यास तिला अडचण पडली नाही. सांगलीकडच्या एका तरुणाशी तिचा विवाह झाला आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे त्याची नोंदही झाली. पाच वर्षे संसार सुखाने चालला. आता न्यू जर्सीतील तिचे आईवडील थकले आहेत, त्यांच्याजवळ कोणी असणे जरूर आहे, आणि दोघांनीही तिकडे जाऊन राहावयाचे ठरविले आहे. तिला विमानाचे तिकीट काढले की पुरे. पतीला मात्र कायम वास्तव्याचा व्हिसा हवा. त्यासाठी तिने प्रथम आय-१३० हा अर्ज करून वैवाहिक नाते सिद्ध करावयाचे. तो मंजूर झाला की प्रकरण तेथील राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते, आणि शेवटी पतीची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत होते. या मधल्या टप्प्यावर पत्नीला जो कागद भरून द्यावा लागतो, त्याचे नाव ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, म्हणजे निर्वाहाचे हमीपत्र. त्याचा क्रमांक आय-८६४.

ॲफिडेव्हिट हा शब्द आपल्याकडे परिचयाचा आहे. शाळेत नाव घालण्यापासून शिधापत्रिकेपर्यंत प्रतिज्ञापत्रे करावी लागतात, आणि एकदा सही-शिक्का झाला की बहुधा ती पुन्हा आठवतही नाहीत. या सवयीमुळे आय-८६४ कडेही एक उपचार म्हणून पाहिले जाण्याचा संभव असतो. परंतु हे नावाने प्रतिज्ञापत्र असले तरी स्वरूपाने करार आहे. त्यामागे शतकाहून अधिक काळचा इतिहास आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारा, आणि म्हणून सार्वजनिक खर्चाचा भार होण्याचा संभव असलेला मनुष्य बंदरातूनच परत पाठवावा, असा कायदा अमेरिकेने १८८२ साली केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी तिकडे गेल्या. त्या काळी व्हिसा नव्हता. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी पत्रव्यवहारातून आपल्या घरी आश्रय देऊ केला होता, तीच काय ती हमी. पुढे व्हिसा आला, हमीपत्रेही आली. परंतु ती नैतिक बंधनापुरतीच आहेत, असे तेथील न्यायालये मानीत. १९९६ च्या कायद्याने ही स्थिती बदलली, आणि १९ डिसेंबर १९९७ पासून हमीपत्र न्यायालयात बजावता येईल असा करार ठरले.

आता पहिला प्रश्न, उत्पन्नाचा. अमेरिकन सरकार दरवर्षी कुटुंबातील माणसांच्या संख्येप्रमाणे दारिद्र्यरेषेचे आकडे प्रसिद्ध करते. हमी देणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न त्या आकड्याच्या निदान १२५ टक्के असावे लागते. सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असलेला मनुष्य पतीसाठी किंवा पत्नीसाठी हमी देत असेल तर १०० टक्के पुरतात. २०२५ साली दोन माणसांच्या कुटुंबासाठी मूळ आकडा २१,१५० डॉलर होता. त्याचे १२५ टक्के म्हणजे सुमारे २६,४४० डॉलर. आकडे प्रतिवर्षी बदलतात, म्हणून कागद सादर करण्यापूर्वी त्या वर्षीचा तक्ता पाहणे आवश्यक असते.

व्हाइटफील्डमधील चांगल्या हुद्द्यावरच्या बाईला ही रक्कम फार मोठी वाटणार नाही. परंतु येथेच एक मेख आहे. तिचा पगार आज कितीही असला तरी, ती बंगळूर सोडील त्या दिवशी तो थांबणार असेल, तर पुढील निर्वाहाचे साधन म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तिची कंपनी तिला अमेरिकेतील कचेरीत बदली देणार असेल, किंवा तेच काम तेथून करू देणार असेल, तर गोष्ट वेगळी. तसे कंपनीचे पत्र जोडावे. दुसरी मेख प्राप्तिकराची. अमेरिकेचा नागरिक जगात कोठेही राहत असला तरी, ठराविक मर्यादेच्या वर उत्पन्न असल्यास त्याला तेथील विवरणपत्र भरावे लागते. परदेशी मिळकतीला मिळणाऱ्या सवलतीमुळे प्रत्यक्ष कर कदाचित एक डॉलरही लागत नाही, आणि म्हणून विवरणपत्रही लागत नसेल, असा अनेकांचा समज होतो. हमीपत्राबरोबर मागील वर्षाच्या विवरणपत्राची नक्कल मागितली जाते, तेव्हा हा समज महागात पडतो. राहून गेलेली विवरणपत्रे आधी भरणे हाच त्यावर मार्ग होय.

उत्पन्न कमी पडले तर मालमत्ता दाखविता येते. अमेरिकन नागरिक आपल्या पतीसाठी किंवा पत्नीसाठी हमी देत असेल, तर जितकी तूट असेल तिच्या तिप्पट मालमत्ता लागते. अन्य बहुतेक नातेवाइकांच्या बाबतीत पाचपट. उत्पन्न मुळीच धरता येत नसेल, तर दोघांच्या कुटुंबाला २०२५ च्या आकड्यांप्रमाणे सुमारे ७९,३०० डॉलरची मालमत्ता दाखवावी लागली असती. ही मालमत्ता भारतात असली तरी चालते, आणि जाणाऱ्या पतीच्या नावावरची असली तरीही चालते. मात्र वर्षभरात तिचे पैसे होण्याजोगे असावेत आणि ते पैसे देशाबाहेर नेता येण्याजोगे असावेत. म्हणजे के. आर. पुरममधील सदनिका जमेस धरता येईल; परंतु तिचे अधिकृत मूल्यांकन हवे, आणि बँकेचे कर्ज बाकी असल्यास ते वजा करून उरेल तेवढीच किंमत धरावी. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते, हेही तेथे सांगता येते.

हेही जमत नसेल तर तिसरा उपाय सहहमीदाराचा. अमेरिकेत राहणारा, अठरा वर्षे पूर्ण झालेला कोणीही नागरिक किंवा कायम रहिवासी सहहमीदार होऊ शकतो. न्यू जर्सीतील तिचा थोरला भाऊ पुढे आला, असे धरू. भाऊ, भावजय, त्यांची दोन मुले आणि येणारा मेहुणा अशी पाच माणसे धरून भावाचे उत्पन्न पाहिले जाईल. २०२५ च्या हिशेबाने ते सुमारे ४७,०६० डॉलर असावयास हवे होते. भावाचे उत्पन्न पुरेसे असले की सर्व झाले, असे कुटुंबाला वाटते. परंतु ते तसे नाही. सहहमीदार आला तरी मूळ अर्जदार पत्नीला स्वतःचे हमीपत्र द्यावेच लागते, आणि तिचा अमेरिकेत अधिवास नसेल तर भावाची हमी कितीही भक्कम असली तरी उपयोगी पडत नाही. पैशाची उणीव दुसऱ्याला भरून काढता येते, अधिवासाची उणीव भरून काढता येत नाही.

अधिवास म्हणजे डोमिसाइल. हा शब्द महाराष्ट्रात तहसील कचेरीच्या दाखल्यामुळे घरोघरी माहीत आहे. पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखविले की तो दाखला मिळतो. म्हणजे त्याचा रोख मागील काळाकडे असतो. अमेरिकन कायद्यातील अधिवासाचा रोख मुख्यतः पुढील काळाकडे आहे. जे मुख्य राहते घर, आणि जेथे नजीकच्या भविष्यात राहण्याचा मनापासून इरादा, तो अधिवास. इरादा मनात असतो. अधिकाऱ्याला मन दिसत नाही, कृती दिसते. म्हणूनच 'आम्ही जाणार आहोत' हे वाक्य कितीही प्रामाणिक असले तरी तेवढ्याने भागत नाही.

के. आर. पुरमच्या या पत्नीपुढे दोन वाटा आहेत. आपले भारतातील वास्तव्य तात्पुरते होते आणि अमेरिकेशी संबंध कधी तुटलाच नव्हता, हे दाखविणे ही पहिली. तेथील बँकेत चालू असलेले खाते, मतदारयादीतील नाव, नियमाने भरलेली विवरणपत्रे, तेथे असलेले घर ही त्याची साधने. पाच वर्षे येथे घर करून राहिलेल्या बाईला ही वाट कदाचित जड जाईल. दुसरी वाट अशी की, पती अमेरिकेत पाऊल ठेवील त्या दिवसापर्यंत आपण तेथे अधिवास पुन्हा स्थापन करू, हे सिद्ध करावयाचे. घर भाड्याने घेतल्याचा करार किंवा आईवडिलांच्या घरी राहणार असल्याचे त्यांचे पत्र, तेथे नोकरी मिळाल्याचे किंवा निदान ती शोधत असल्याचे पुरावे, मुले असल्यास शाळाप्रवेशाची तजवीज. आणि दुसऱ्या बाजूने येथील नोकरीचा राजीनामा, भाड्याचे घर सोडल्याची सूचना, सामान पाठविण्याची व्यवस्था. यांतला कोणताही एक कागद निर्णायक नसतो. सर्वांनी मिळून एकच गोष्ट सांगितली पाहिजे.

यासाठी पत्नीने महिनोन्महिने आधी एकटीने जाऊन राहणे सक्तीचे आहे, असा पुष्कळांचा ग्रह असतो. कायदा तसे म्हणत नाही. तिने पतीच्या आधी किंवा त्याच्याबरोबर गेले पाहिजे, एवढेच. पती पुढे आणि ती मागाहून, हे मात्र चालत नाही. पुरावा दुबळा असेल तर आधी जाण्याने तो बळकट होतो, यात शंका नाही. परंतु संसाराची ताटातूट करण्यापूर्वी ती खरोखर जरूर आहे की नाही, हे पाहावे. मुलाखतीत अधिवासाचा पुरावा अपुरा ठरला तरी प्रकरण तत्क्षणी संपत नाही. आणखी कागद देण्यास वर्षभराचा अवधी असतो.

असा विचार केवळ अमेरिकाच करते असे नाही. ब्रिटनने २०१२ साली अशा हमीदारासाठी वार्षिक १८,६०० पौंडांची मर्यादा घातली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये ती २९,००० पौंडांवर नेली. उलट कॅनडात जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नसते. तीन वर्षांच्या निर्वाहाची जबाबदारी मात्र लेखी पत्करावी लागते, आणि परदेशात राहणाऱ्या नागरिकाला आपण परतणार आहोत हे दाखवावे लागते. प्रमाण निरनिराळे, तत्त्व एकच.

राहता राहिली मुदतीची गोष्ट. आणि सही करण्यापूर्वी सर्वांत अधिक विचार करावयाचा तो हिचाच. अमेरिकन हमीपत्रावर वर्षांचा आकडा नसतो. ज्याच्यासाठी हमी दिली तो नागरिक झाला, किंवा सामाजिक सुरक्षा योजनेच्या हिशेबाने त्याच्या खाती कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा झाल्या, किंवा आपले कायम रहिवासाचे हक्क सोडून तो देश सोडून गेला, किंवा त्याचा अथवा हमीदाराचा मृत्यू झाला, तरच पुढील जबाबदारी संपते. घटस्फोट या यादीत नाही. पतिपत्नी विभक्त झाली तरी हमी उभी राहते. ठराविक पातळीपर्यंतच्या निर्वाहासाठी जोडीदार न्यायालयात जाऊ शकतो, आणि काही विशिष्ट सरकारी साहाय्य त्याने घेतले असल्यास ते देणारी संस्था हमीदाराकडून भरपाई मागू शकते. भावानेही सही केली असेल तर बहिणीचा संसार मोडल्यावर त्याची जबाबदारी मोडत नाही.

आपल्याकडे जामीन राहणे हा शब्दप्रयोग जुना आहे, आणि मैत्रीखातर जामीन राहून घर गमावलेल्यांच्या कथा गावोगाव ऐकू येतात. नात्यात सही मागितली की नाही म्हणणे जड जाते. म्हणून सही मागणाऱ्यानेच आधी हे सर्व समजावून सांगणे, हा त्या नात्याचा मान राखण्याचा उत्तम मार्ग होय. वडीलधाऱ्यांची सेवा करण्यासाठी परत जाऊ इच्छिणाऱ्या जोडप्याला कायदा आडवा येत नाही. आपले घर यापुढे कोठे असणार, हे दोघांनी प्रथम आपसांत पक्के ठरवावे आणि त्याप्रमाणे वागू लागावे. तसे केले की लागणारे कागद त्या वागण्यातूनच गोळा होत जातात.