फरसबंद अंगण आणि पावसाचे पाणी

पावसाळ्याच्या आरंभी पहिली मोठी सर येऊन गेली, की मातीचे अंगण आणि फरसबंद अंगण यांतील भेद कोणाच्याही चटकन ध्यानात येतो. मातीच्या अंगणात पाणी क्षणभर रेंगाळते, त्यावर बुडबुडे येतात आणि हळूहळू ते जिरते. फरसबंद अंगणात ते लगेच वाट शोधू लागते. आपण ती आखून ठेवलेली नसेल तर पाणी स्वतःच ती काढते. आणि अशी वाट बहुधा घराच्या उंबऱ्याकडे, शेजाऱ्याच्या कुंपणाखाली किंवा जोत्यालगतच्या एखाद्या भेगेत जाते.

प्रस्तुत लेखकाने याचा अनुभव घेतला आहे. मोटार आत उभी करता यावी म्हणून फाटकापासून ओट्यापर्यंतच्या जागेत आम्ही कोबा करून घेतला. गवंडी कसबी होता. त्याने पृष्ठभाग आरशासारखा सपाट केला. पहिल्याच मोठ्या पावसात त्या आरशावर तळे साचले, पाणी ओट्याच्या पायरीशी येऊन थांबले, आणि महिनाभराने दिवाणखान्याच्या भिंतीला ओल चढली. खालच्या फळीवर ठेवलेले जुन्या मासिकांचे बांधीव खंड त्या ओलीत गेले. दोष गवंड्याचा म्हणता येणार नाही. ढाळ किती आणि कोणत्या दिशेला द्यावयाचा हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, कारण ते आम्हालाच ठाऊक नव्हते.

प्रथम पाणी किती येते ते पाहू. याचा हिशेब आश्चर्य वाटावे इतका सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी होते. फाटकापासून जोत्यापर्यंत ८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असे ४० चौरस मीटरांचे अंगण घेतले, आणि तासाला ५० मि.मी. या वेगाने पाऊस पडत आहे असे मानले, तर तासाभरात २,००० लिटर पाणी त्या अंगणावर पडेल. त्यातील बहुतेक सर्व वाहून जाते. पडलेल्या पावसाच्या ज्या भागाला जमिनीवरून वाहत जावे लागते त्याला मराठीत ‘अपधाव’ असा शब्द रूढ होत आहे. पन्हळ, पागोळी, मोरी, ओहोळ असे पाण्याच्या वाटांचे इतके घरगुती शब्द ज्या भाषेत आहेत तिला हा शब्द थोडा परका वाटतो खरा. परंतु अर्थ नेमका असल्याने आम्ही तो येथे स्वीकारला आहे. काँक्रीटवर अपधावेचे प्रमाण पावसाच्या सुमारे नऊ दशांश धरतात. हिरवळीवर ते एक ते दोन दशांशच असू शकते.

पावसाचा वेग, जागेचे क्षेत्रफळ आणि हे प्रमाण या तिहींचा गुणाकार केला की वाहत्या पाण्याचा अंदाज मिळतो. टी. जे. मुल्वानी या आयरिश अभियंत्याने १८५१ च्या सुमारास या रीतीचा पाया घातला. लहान क्षेत्रांसाठी ती आजही वापरात आहे. आपल्या अंगणास ती लावली, तर सेकंदाला अर्धा लिटर पाणी येते. परंतु घराच्या ९० चौरस मीटर छपराची पन्हळही याच अंगणात सोडलेली असेल तर बेरीज थोडे पाणी वाढवून थांबत नाही. ती एकदम सेकंदाला १.६ लिटरांवर जाते. आपल्याकडील बहुतेक घरांत घोटाळा येथेच होतो. अंगणाचा विचार करताना छप्पर विसरले जाते.

वेग कोणता धरावा? वार्षिक पावसाचा आकडा येथे कामाचा नाही. चेरापुंजीस वर्षाला ११,००० मि.मी. हून अधिक पाऊस पडतो आणि राजस्थानात त्याच्या अल्पांशानेच. तथापि दहा मिनिटांची एखादी सर दोन्हीकडे ताशी १०० मि.मी. च्या वेगाने कोसळू शकते. अंगण लहान असल्याने पाणी मिनिटा-दोन मिनिटांत मोरीशी पोहोचते, म्हणून थोडा वेळ टिकणारी परंतु जोरदार सर हीच आपली कसोटी होय. मुंबईतील जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मि.मी. पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. असे दिवस अंगणाच्या मोरीने निभावून न्यावेत अशी अपेक्षा करता येत नाही. मात्र मोरी भरून वाहिली तरी पाणी घरात न येता बाहेरच जावे, एवढी व्यवस्था तीत हवी.

आता ढाळ. अगदी गुळगुळीत काँक्रीटलाही साठास एक, म्हणजे ६० सें.मी. अंतरात १ सें.मी. उतार असावा; खडबडीत फरशीला पन्नासास किंवा चाळीसास एक. आपल्या ८ मीटर लांबीत साठास एक या मानाने जोत्यापाशी आणि फाटकापाशी १३ सें.मी. चा फरक पडतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि डोळ्यांवर विसंबून तो देताही येत नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी, ताणलेली दोरी आणि पाणसळ यांनी पातळ्या आधी खुंट्यांवर उतरवून घ्याव्यात व मगच काँक्रीट ओतावे.

अंगण रस्त्यापेक्षा उंच असेल तर काम सोपे असते. परंतु आपल्या शहरांत रस्ता स्थिर राहत नाही. जुना थर न खरवडता त्यावर नवा डांबरी थर चढविण्याची रीत असल्याने तो दर काही वर्षांनी वर येतो. एकेकाळी रस्त्याहून दोन पायऱ्या उंच असलेली घरे आज त्याच रस्त्याहून खाली गेलेली अनेक ठिकाणी दिसतात. जोते सभोवतालच्या जमिनीहून किमान ४५ सें.मी. उंच असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. अंगणात मुरूम, खडी आणि काँक्रीट यांचे थर टाकून आपणही त्या उंचीतील बरीच खाऊन टाकतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी जुनी माती उकरून खाली उतरणे आवश्यक असते, आणि खर्च वाचविण्यासाठी नेमके हेच टाळले जाते.

रस्ता उंच असेल तर उतार नाइलाजाने घराकडे येतो. अशा वेळी जोत्यालगतचा दीड मीटरांचा पट्टा उलट दिशेने, घरापासून दूर उतरता ठेवावा. दोन्ही उतार जेथे मिळतात तेथे आडवी नाली बांधून तिच्यावर लोखंडी जाळी बसवावी. पाणी जोत्यापासून दीड मीटरांवरच अडते आणि नालीतून बाजूला नेता येते.

या नालीचे माप हा विषय थोडा सविस्तर पाहण्यासारखा आहे. उघड्या वाहिनीतील पाण्याच्या वेगाचे जे सूत्र आज जगभर वापरतात ते रॉबर्ट मॅनिंग या दुसऱ्या एका आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये मांडले. (पावसाळी देशात असे अभियंते निपजावेत हे स्वाभाविकच.) त्यानुसार १० सें.मी. रुंद काँक्रीटच्या नालीत ५ सें.मी. खोल पाणी वाहत असेल आणि उतार शंभरास एक असेल, तर ती सेकंदाला सुमारे ३.३ लिटर पाणी नेते. उतार चारशेस एक केला की वेग निम्मा होतो आणि क्षमता १.६ लिटरांवर येते. म्हणजे ताशी ५० मि.मी. पावसात ती काठोकाठ भरेल, आणि १०० मि.मी. च्या सरीत दुप्पट पाणी येताच उतू जाईल. शिवाय संथ पाण्यातील गाळ तळाशी बसतो आणि क्षमता आणखी घटते. याउलट, शंभरास एक उतार ठेवून तीच नाली १० सें.मी. पाण्यापुरती खोल केली तर ती सुमारे ८ लिटर नेते: खोली दुप्पट, क्षमता जवळजवळ अडीचपट. नाली रुंद करण्यापेक्षा तिला योग्य उतार आणि खोली देणे यातच शहाणपण आहे.

एवढे झाल्यावर पाणी सोडावयाचे कोठे? शौचालयाच्या मलवाहिनीत ते कदापि सोडू नये. पावसात ती तुंबली की मैला उलटा घरात येतो. शक्य तेथे पाणी जमिनीस परत द्यावे. परंतु छपराचे पाणी आणि अंगणाचे पाणी यांच्या वाटा वेगळ्या ठेवाव्यात. पहिल्या सरीनंतरचे छपराचे पाणी बरेच स्वच्छ असते, ते गाळून टाकीत किंवा विहिरीत घेता येते. मोटारीखालच्या फरशीवरचे पाणी तेल आणि धूळ घेऊन येते; ते प्रथम झाडांच्या वाफ्यात जिरू द्यावे.

जमीन कशी आहे हे आधी पाहिले पाहिजे. वालुकामय पोयट्याच्या जमिनीत तासाला २० ते ३० मि.मी. पाणी मुरते, चिकणमातीत केवळ १ ते ५ मि.मी. दख्खनची काळी जमीन तर आणखी फसवी. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगा पहिला पाऊस गटागट पितात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी वर उभे राहते. अशा फुगणाऱ्या मातीत पायाजवळ पाणी मुरविणे म्हणजे भिंतींना तडे आणणे होय. इंग्लंडातील बांधकाम-नियम शोषखड्डा इमारतीपासून किमान ५ मीटर दूर ठेवावयास सांगतात. काळ्या जमिनीत त्याचा विचार सोडून पाणी नालीनेच दूर न्यावे.

शोषखड्ड्याविषयी एक गैरसमज रूढ आहे. लांबी-रुंदी एक मीटर आणि खोली दीड मीटर, म्हणजे १,५०० लिटर पाणी मावेल, असा हिशेब केला जातो. पण खड्डा दगडगोट्यांनी भरलेला असतो, आणि त्यांच्यामधील पोकळी सुमारे एकतृतीयांशाहून थोडी अधिक. प्रत्यक्षात तो ५५० लिटरांनी भरतो. आपल्या अंगणावर अवघा १५ मि.मी. पाऊस पडला, की तेवढे पाणी होते. म्हणून खड्ड्यास जादा पाण्याची वाट हवीच.

खरे पाहता सर्वांत स्वस्त उपाय निराळाच आहे: सगळे अंगण फरसबंद न करणे. मोटारीच्या चाकांखाली साठ-साठ सें.मी. रुंदीच्या दोन पट्ट्या पुरतात. आठ मीटर लांबीत त्यांचे क्षेत्रफळ १० चौरस मीटरही होत नाही. उरलेल्या ३० मीटरांत खडी, गवत किंवा मोकळी माती राहू शकते. इंग्लंडात १ ऑक्टोबर २००८ पासून घरापुढील ५ चौरस मीटरांहून अधिक जागा अभेद्य फरशीने झाकावयाची, आणि तिचे पाणी जिरण्याजोग्या जागेत सोडावयाचे नाही, तर त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे तामिळनाडूने २००३ मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला.

नाली बांधली की ती स्वच्छही करावी लागते. मोहेंजोदडोच्या नाल्यांवरील झाकणे उचलता येत असत आणि वाटेत गाळ साठविण्याचे खड्डे असत. आजही जाळी उचलता येणारी हवी, आणि शोषखड्ड्याआधी गाळकुंडी हवी. कुंडीत पाणी मात्र दिवसेंदिवस साचून राहता कामा नये; डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास होण्यास आठवडा-दहा दिवस पुरतात.

आम्ही शेवटी अर्धा कोबा फोडला. नव्या पट्ट्या वाळल्यावर जोत्यापाशी चार बादल्या पाणी ओतले आणि ते कोठे जाते ते पाहत उभे राहिलो. एके ठिकाणी ते थबकले. तेथे खडूने वर्तुळ काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी गवंड्याने तेवढीच जागा घासून उतरती केली.