डायबेटिस असताना जेवण पार्सल मागवताय? पदार्थांइतकंच घड्याळाकडेही लक्ष हवं

भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. यातले अनेकजण कामावरून उशिरा घरी येतात, रूम करून राहतात किंवा घरात एकटेच असतात. 'बाहेरचं अजिबात खाऊ नका' हा सल्ला त्यांना रोज पाळता येईलच असं नाही. मग पार्सल मागवायचंच असेल, तर काय बघायचं?

गोड नसतानाही शुगर का वाढते?

नान, पाव, नूडल्स, भात यांत भरपूर कार्बोहायड्रेट असतात आणि पचल्यावर त्यांचं ग्लुकोज होतं. मैद्यात तंतुमय भाग कमी असल्याने हे लवकर घडतं. मंचुरियनच्या ग्रेव्हीत कॉर्नफ्लोअर असतं, सॉसमध्ये साखर असते. पिझ्झाचं गणित थोडं वेगळं. त्यातल्या चीजमुळे पचन लांबतं आणि शुगर काही तासांनी चढू शकते.

दुसरी अडचण प्रमाणाची. बिर्याणीचा एक डबा अनेकदा दोघांना पुरेल इतका असतो, पण 'वाया नको' म्हणून एकटाच माणूस तो संपवतो.

ऑर्डर करताना काय बदलता येईल?

सोपा हिशोब असा: अर्धं ताट भाज्या आणि सॅलड, पाव ताट प्रथिनं, पाव ताट पोळी किंवा भात.

- दोन बटर नान आणि जिरा राईसऐवजी एक तंदुरी रोटी, सोबत डाळ, पनीर टिक्का किंवा तंदुरी चिकन. रोटी कणकेची आहे का, हे विचारून घ्या.
- काकडी, टोमॅटो घरीच चिरा.
- कोल्ड्रिंकऐवजी पाणी किंवा साधं ताक.
- डिलिव्हरी फ्री व्हावी म्हणून शेवटी गुलाबजाम ॲड करू नका.
- डब्यातून थेट खाऊ नका. आपल्यापुरतं ताटात वाढून घ्या आणि बाकीचं आधीच फ्रीजमध्ये ठेवा.

आधी भाज्या आणि प्रथिनं, मग रोटी-भात, असा क्रम ठेवला तर जेवणानंतरची शुगर तुलनेने कमी चढते. जेवल्यावर १०-१५ मिनिटं चालण्याचाही फायदा होतो.

ऑर्डर उशिरा आली तर?

याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही, पण खरा धोका इथे आहे. ॲपवर '२५ मिनिटं' दिसलं म्हणून कुणी जेवणाआधीचं इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतं. मग ट्रॅफिक लागतं किंवा ऑर्डर कॅन्सल होते. औषध काम करत राहतं, पोटात मात्र काहीच नसतं.

अशा वेळी शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तेव्हा पार्सलची वाट पाहू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी शुगर तपासा. अजूनही कमी असेल तर पुन्हा तेवढीच साखर घ्या. चॉकलेट इथे कामाचं नाही, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ वर फोन करा.

म्हणूनच अशा औषधांवर असाल, तर जेवण हातात आल्यावरच डोस घ्यायचा का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये हा धोका खूप कमी असतो.

आपल्याला काय चालतं, हे कसं कळणार?

ग्लुकोमीटरने. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी शुगर मोजा. अनेक प्रौढांसाठी ती १८० च्या आत असावी, असं मानलं जातं. तुमचा आकडा डॉक्टर ठरवतील. नेहमीच्या चार-पाच ऑर्डरनंतरची रीडिंग लिहून ठेवली, तर पुढच्या वेळी काय मागवायचं आणि किती, हे तुमचं तुम्हालाच कळेल.