विश्लेषण : दिल्लीत खासगी विकासकांना दार बंद का झाले?

फाळणीनंतर दिल्लीची लोकसंख्या झपाट्याने वाढली. मॉडेल टाऊन, ग्रेटर कैलाशसारख्या वसाहती खासगी विकासकांनी उभारल्या. केंद्राने १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण (डीडीए) स्थापले. जमिनीतील सट्टेबाजी रोखण्यासाठी १९६१ पासून मोठे भूसंपादन सुरू झाले आणि खासगी विकासकांनी गुरगाव गाठले.

डीडीएची घरे मात्र मागणीला पुरली नाहीत. शेतजमिनींवर अनधिकृत वसाहती वाढल्या. अशा १,७३१ वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क देण्यासाठी २०१९ मध्ये कायदा करावा लागला.

२०१८ च्या ‘लँड पूलिंग’ धोरणाने खासगी विकासकांसाठी दार पुन्हा किलकिले केले. जमीनमालकांच्या गटाकडे ६० टक्के जमीन राहते, ४० टक्के सार्वजनिक सुविधांसाठी जाते. अट एकच, पण अवघड : सेक्टरमधील ७० टक्के सलग जमीन एकत्र यायला हवी. एखाद्या मोक्याच्या तुकड्याचा मालक अडला, तर शेजाऱ्यांचीही घरे रखडतात.