सोयाबीन विकलं, डाळ विकत आणली

परवा शेजारच्या सूनबाईला घेऊन दवाखान्यात गेले होते. तिला पाचवा महिना लागलाय. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! गरोदरपणात ते निदान अकरा हवं. तिच्या सासूबाईंचा विश्वासच बसेना. "काकू, आमच्या घरात कशाची कमी हाय का? दोन एकर हळद, चार एकर सोयाबीन. पोरगी उपाशी कशाला राहील?"

त्यांचं काही चुकलं नाही. सून उपाशी नव्हतीच. मग रक्त कमी का झालं? घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता.

मी लग्न होऊन वसमतला आले, तेव्हा घरोघरी ज्वारीची कणगी असायची. ज्वारीच्या रानातच तूर, मूग, उडीद. कडेला अंबाडी, तीळ, जवस. खुरपायला गेलेल्या बायका येताना ओट्यात तांदुळजा, पाथरी, चिवळ घेऊन यायच्या. हातात पैसा मात्र नसायचा. पाहुणा आला की साखर उसनी आणावी लागे. त्या दिवसांचे गोडवे गावेत, असंही काही नाही.

१९९१ मध्ये देशाचं आर्थिक धोरण बदललं. बाजार खुला झाला. पुढं १९९४ मध्ये पामतेलाची आयातही खुली झाली. आपल्या रानात हळूहळू ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, पाण्याच्या रानात हळद वाढली. घरं पक्की झाली, पोरी कॉलेजात गेल्या. देशात १९९३-९४ मध्ये शंभरातले ४५ जण गरिबीत होते, ते २०११-१२ मध्ये २२ वर आले, असं तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं केलेली मोजणी सांगते. ही कमाई लहान नाही.

पण मैत्रिणींनो, सोयाबीनचं पोतं आपल्या चुलीपर्यंत येत नाही. ते मोंढ्यात जातं. तिथून गिरणीत. तेल वेगळं होतं, पेंड कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. आपण आलेल्या पैशातून डाळ आणायची. आणि २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली, तेव्हा आपण काय केलं? वरणात पाणी वाढवलं! रानातल्या पालेभाज्या तर तणनाशकानं तणाबरोबर गेल्या. ज्याला आपण फुकटचं म्हणत होतो, ते आता बाजारात जुडीच्या भावानं घ्यावं लागतं.

रेशनचं काय? १९९७ पासून गरीब-बिगरगरीब अशी वाटणी झाली, मग आपल्याकडं पिवळी, केशरी, पांढरी कार्डं आली. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य हक्काचं केलं. २०२३ पासून ते फुकट मिळतं. त्यानं चूल विझत नाही, हे मोठंच काम. पण ते प्रामुख्यानं गहू नि तांदूळ. पोट भरतं, रक्त भरत नाही.

म्हणून तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ५४ टक्के निघालं. घरात पैसा आला आणि रक्त कमी झालं! त्यात आपली सवय – सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं. तेव्हा पातेल्यात भाजीचा रस्सा उरतो, वरून चहा. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, हे किती जणींना माहीत असतं?

सूनबाईला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तेवढ्यानं भागलं नाही तर शिरेतून औषध द्यावं लागेल, म्हणाले. गोळ्या घ्यायलाच हव्यात. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तिथं मोफत तपासणीही असते. अंगणवाडीत नाव नोंदवलं की पोषण आहार मिळतो. आणखी एक, अन्न सुरक्षा कायद्यात रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या मोठ्या बाईचं नाव धरलंय. आपलं कार्ड एकदा काढून बघा.

त्या दिवशी संध्याकाळी मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "वहिनी, सगळं रान बाजाराला देऊ नका. चार तास तुरीचे, दोन मुगाचे घरासाठी ठेवा. बांधाला शेवगा लावा."

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पेरायचं काय, हे मला कुणी इचारलंय का आजवर?"

मला उत्तर देता आलं नाही. पण यंदा त्या विचारायची वाट बघणार नाहीत, असं म्हणाल्या. आणि रात्री त्यांनी सुनेला आपल्या आधी ताट वाढलं. वरून लिंबू पिळलं.

तुमच्या रानात यंदा काय पेरायचं, हे कोण ठरवणार आहे?