कयाक, कोकण रेल्वे आणि भरतीचे वेळापत्रक

कयाक म्हटली की मोटारीच्या टपावर बांधलेली लांब, अरुंद होडी डोळ्यांसमोर येते. साहजिकच ज्याच्याकडे मोटार नाही, त्याला समुद्रातील हा नौकाविहार साध्य नाही, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः युरोपात हा छंद सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे.

म्युनिकमधील वास्तुकलेचा विद्यार्थी आल्फ्रेड ह्यूरिख याने १९०५ मध्ये लाकडी सांगाडा व कापडी आवरण असलेली घडीची कयाक तयार केली. रोझेनहाइम येथील योहान क्लेपर या शिंप्याने १९०७ मध्ये तिचे हक्क घेऊन उत्पादन सुरू केले. पिशवीत मावणारी ही होडी घेऊन जर्मन तरुण आगगाडीने नदीकाठी जाऊ लागले. अशाच घडीच्या कयाकमधून ऑस्कर श्पेक १९३२ मध्ये जर्मनीतील उल्म येथून निघाला आणि भारताच्या किनाऱ्यावरून पुढे जात १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला.

महाराष्ट्रात ही सोय मालवण परिसरात चांगली साधते. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून मुंबईहून रात्रीच्या कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने कुडाळ गाठता येते. तेथून एसटीने मालवण व पुढे एसटी अथवा रिक्षाने तारकर्ली-देवबाग असा प्रवास होतो. या भागात कयाक भाड्याने मिळत असल्याने होडी सोबत नेलीच पाहिजे असे नाही.

स्वतःची कयाक न्यायची असल्यास घडीची किंवा हवा भरण्याची निवडावी. रेल्वेच्या शयनयान वर्गात ४० किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते. मात्र डब्यात न्यायच्या पेटीची वा बॅगेची कमाल मापे सर्वसाधारणपणे १०० × ६० × २५ सेंटिमीटर आहेत. त्याहून मोठे सामान ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवावे लागते. म्हणून खरेदीपूर्वी होडीचे वजन जितके पाहावे, तितकीच घडी केल्यानंतरची मापेही पाहावीत.

प्रवासाची आखणी करताना खरी कसोटी दोन वेळापत्रकांचा मेळ घालण्याची असते : एक एसटीचे, दुसरे भरती-ओहोटीचे. भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावर परंपरेने चालत आलेला ठोकताळा असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. अष्टमीला सुमारे सहा वाजता पूर्ण भरती, तर दुपारी बाराच्या आसपास ओहोटी येते. हा केवळ अदमास आहे. स्थळानुसार त्यात तासाभराचाही फरक पडतो. नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातून वा स्थानिक मच्छीमारांकडून जाणून घ्यावी. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने प्रवाह तुलनेने सौम्य असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तो जोर धरतो.

देवबाग ही एका बाजूस समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी असलेली जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. नवशिक्याने खाडीच्या शांत पाण्यातच सराव करावा. ओहोटीचे पाणी खाडीच्या मुखातून वेगाने समुद्राकडे धावते आणि समोरून येणाऱ्या लाटांशी त्याची गाठ पडली की तेथे पाणी खवळते. पहाटेचे मतलई वारे होडीला किनाऱ्यापासून दूर लोटतात, तर दुपारनंतर खारे वारे वाढून लाटा उंचावतात. म्हणून वारे मंद असतानाची सकाळ उत्तम. पावसाळ्यात मात्र समुद्रात उतरूच नये.

मोटारीविना जाणाऱ्याचा मोठा धोका म्हणजे घाई. परतीची शेवटची एसटी चुकेल या भीतीने भर ओहोटीत प्रवाहाविरुद्ध वल्ही मारत राहणे, हा निर्णय प्राणावर बेतू शकतो. त्यावर उपाय साधा आहे : गावात एक रात्र मुक्काम गृहीत धरूनच निघावे, जीवरक्षक जाकीट अंगातून काढू नये आणि परतण्याची वेळ यजमानास सांगून ठेवावी. या पद्धतीचा एक लाभही आहे. होडी पिशवीत घालता येत असल्याने निघालेल्या जागी परतण्याचे बंधन राहत नाही. प्रवाहाबरोबर जावे, सोयीच्या काठावर उतरावे आणि तेथून बस धरावी. एसटी चुकली तर दुसरी मिळते, फार तर सकाळी मिळते. ओहोटी मात्र कोणासाठी थांबत नाही.