दात काय सांगतात?

सिहोऱ्याच्या शिवारात हिंडताना कधी एखादी वाळलेली कवटी पायाशी येते. मांस गेले, कातडे गेले. दात मात्र राहिले. आपण ती काठीने बाजूला सारतो. पण थोडे थांबा. ते जनावर काय खात होते, हे दात पाहून कळते. कसे, ते पाहू.

आधी आपली गाय घेऊ. गाईला वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. तिथे नुसती कठीण हिरडी असते. खाली आठ दात असतात. गाय जिभेने गवत ओढते, दात आणि हिरडीत धरते आणि तोडते. मागे रुंद, खडबडीत दाढा असतात, टाकी लावलेल्या जात्यासारख्या. रवंथ करताना जबडा आडवा फिरतो, तो दळण्यासाठीच.

आता वाघ. त्याचे सुळे लांब, सावज धरायला. दाढा धारदार. त्या कात्रीसारखे मांस कापतात. त्याचा जबडा वरखाली चालतो, गाईसारखा आडवा फिरत नाही. डोळ्यांच्या खोबण्याही बघा. वाघाचे डोळे समोर असतात. झडप घालायची तर अंतर कळायला हवे ना! चितळाचे डोळे बाजूला असतात. चरता चरता त्याला मागचेही दिसायला हवे.

दात गेले की जगणे कठीण होते. १९०७ साली हिमालयातल्या कुमाऊं भागात जिम कॉर्बेट यांनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिचे उजवीकडचे दोन्ही सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार मुळापर्यंत. नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांवर वळली, असे कॉर्बेट यांचे मत होते.

आपल्या बैलाचेही पोट दातांवरच चालते. बाजारात विकणारा म्हणतो, "घ्या भाऊ, तरणाताठा आहे!" ऐकून घ्या, पण तोंड उघडून बघा. साधारण दोन-अडीच वर्षांला दुधाचे मधले दोन दात पडून मोठे दोन येतात. तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती. पाचव्या वर्षाच्या सुमारास आठही येतात, म्हणजे बैल जुळला. पुढे दात झिजतात, फटी पडतात. शिंगे रंगवता येतात. झिजलेले दात पुन्हा उगवत नाहीत.

म्हातारा बैल तणसापुढे उभा राहूनही उपाशी राहतो. चावतच नाही, तर काय करील? त्याला चारा बारीक कापून, भिजवून द्या. तोंडातून घास गळत असेल, तर पशुवैद्याला दाखवा. ज्याने आपले शेत नांगरले, त्याच्या तोंडात एकदा डोकावून पाहणे आपले काम आहे.